अठ्ठ्याऐंशी सेकंद, अधिक-उणे एक

पळायला शिकवणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं ते मला माहितेय. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, तारुण्यात एखादं मेडल थोडक्यात हुकलेलं आणि त्यामुळे जगावर चिडलेला. बरोबर? पुसून टाका. आमच्या अण्णांकडे शिट्टी नव्हती. अंगात कारखान्याचा निळा हाफ शर्ट, पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. मेडल हुकायचा प्रश्नच नव्हता, कारण अण्णा आयुष्यात कधी पळालेच नव्हते. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मी? मी बस पकडायला पण पळत नाही रे. दुसरी येते की."

आणि दुसरं जे तुमच्या मनात आलंय, की शेवटी मी पहिला येतो आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी, तेही पुसा. मी कधीच पहिला आलो नाही. तिसरा आलो होतो एकदा, तीन जण पळत होते तेव्हा.

मी आठवीपर्यंत विट्यात शिकलो. तिथं माझं नाव होतं ते नकलांसाठी. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, प्रार्थनेच्या वेळी शिंकणारे पीटीचे सर, सगळे मी काढायचो. मग बाबांना बेंगळुरूत पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये लेथवर नोकरी लागली आणि नववीच्या जूनमध्ये आम्ही इकडं आलो. मला कन्नड येत नव्हतं, पण कन्नड कसं वाजतं ते दोन दिवसांत आलं. भाजीवाली अक्का काय बोलते ते कळायच्या आधी मी तिची नक्कल करायला लागलो. अक्का हसायची आणि मूठभर कोथिंबीर जास्त घालायची. आई म्हणायची, "दुसऱ्याच्या तोंडानं जगतोय कार्टं."

अण्णा बाबांच्या शेजारच्या शेडमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होते. म्हणजे लेथवरून निघालेला प्रत्येक शाफ्ट मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. नाव हणमंतराव, पण ते नाव फक्त हजेरीच्या कार्डावर. घराणं बेंगळुरूत सहा पिढ्या. मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड असं मिसळलेलं की कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सगळ्या पोरांना, अगदी पोरींनाही, 'मगा' म्हणायचे, म्हणजे पोरा. थोडंला 'स्वल्प', ठीकला 'सरी'. त्यांची शिफ्ट दुपारी दोनला. सकाळी साडेपाचला कारखान्यांच्या मागच्या मैदानावर ते शाळेतल्या पोरांना लांब पल्ल्याचं पळणं शिकवायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "शिफ्ट दोनला. सकाळी काय करू?"

त्यांच्याविषयी पहिली गोष्ट ऐकली ती बाबांकडून, आदल्या वर्षीची, त्यांनीही शेडमध्ये ऐकलेली. आयुधपूजेला पीण्यात सगळ्या मशिनी धुऊन पुसून हार घालतात, हत्यारांना कुंकू लावतात. मालकांनी अण्णांच्या व्हर्नियरला, म्हणजे त्या मोजायच्या हत्याराला, बोटभर कुंकू लावलं. अण्णांनी हात जोडले, नमस्कार केला, आणि मालकांच्या देखत खिशातलं फडकं काढून कुंकू पुसलं. मालक म्हणाले, "अण्णा, अपशकुन!" अण्णा म्हणाले, "सर, कुंकवानं माप वाढतं. देवाला चालेल, गिऱ्हाइकाला नाही चालणार."

बाबांनी मला ग्राउंडवर धाडलं, त्याच आठवड्यात अण्णांनी आमचं ग्राउंड मोजायला काढलं. आधी कोणीतरी चुन्यानं आखलेला चारशे मीटरचा ट्रॅक होता आणि त्यावर वर्षानुवर्षं पोरं आपापली रेकॉर्डं सांगत होती. अण्णांना शंका आली. एका रविवारी स्टीलची टेप घेऊन ते गुडघ्यावर बसून, इंच इंच सरकत, पूर्ण ट्रॅक फिरले. आम्ही टेपचं दुसरं टोक धरून मागे मागे. चार तास गेले. शेवटी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे?"

"म्हणजे बारा मीटर खोटं."

सगळ्यांची तोंडं उतरली. प्रत्येकाचं रेकॉर्ड त्या रविवारी बिघडलं. माझा पंधराशे मीटरचा टाइम तर काही न करता बारा सेकंदांनी वाढला, मी बसल्या जागी हळू झालो. एका पोराची आई भांडायला आली, की माझा मुलगा शाळेत सगळ्यांना सांगून बसलाय. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, पोरगा खरा आहे. ग्राउंड खोटं होतं. आता दोन्ही खरे." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन चुना मारला.

आता जॉब कार्ड. कारखान्यात प्रत्येक पार्टबरोबर एक कार्ड फिरतं. त्यावर पार्टचं नाव, साइज, टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडं-तिकडं चाललं तर चालेल, आणि संख्या. जुनी, एका बाजूनं कोरी कार्डं अण्णा घेऊन यायचे आणि प्रत्येक पोराला एक द्यायचे. आपलं ध्येय त्यावर लिहायचं. मी नवीन, आणि समोर बसलेल्यांना हसवायची खाज. मी म्हणालो, "अण्णा, ऑलिंपिक. पंधराशे मीटर."

पोरं फिदीफिदी हसली. अण्णा हसले नाहीत. पेन्सिल काढली. "आज किती तुझा टाइम?"

"सहा चाळीस."

"तिथं लागतो तीन चाळीस. म्हणजे तीन मिनिटं काढायची. महिन्याला दोन सेकंद काढले तर नव्वद महिने. साडेसात वर्षं." वर बघितलं. "तू तेव्हा बाविशीचा. वय बरोबर आहे. लिहू?"

"साडेसाती लागली की, अण्णा."

"लिहू का नको ते सांग."

आता पोरं माझ्यावर हसत होती. मी हळूच म्हणालो, "सहा मिनिटं लिहा." त्यांनी लिहिलं. कार्डावर 'मटेरियल' असा एक रकाना होता, तो कोरा ठेवला. मी बोट ठेवलं तर म्हणाले, "अजून तपासलं नाही."

पण खरं ध्येय ज्यानं लिहिलं, म्हणजे जिनं लिहिलं, ती वेदा. माझ्याच वर्गात. तिचे बाबा, कुलकर्णी काका, मूळचे सोलापूरचे, एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. तिला तीन हजार मीटर पळायचं होतं आणि पुढं क्रीडा वसतिगृहात जायचं होतं. काका स्वतः ग्राउंडवर आले आणि अण्णांना विचारलं, "वसतिगृहाची माणसं ढुंकून बघतील असा आकडा कोणता?"

"अकरा मिनिटांच्या आत."

"आणि हिचा आज?"

"तेरा."

काका वेदाकडं वळले. "दहावीच्या सप्टेंबरात जिल्ह्याची शालेय स्पर्धा असते. त्यात अकराच्या आत आलीस तर पीयूसीत, अकरावी-बारावीतसुद्धा पळ, मी आड येणार नाही. नाही आलीस तर दुसऱ्या दिवसापासून कोचिंग क्लास. मंजूर?"

वेदा म्हणाली, "मंजूर." मी तेव्हा मनात तिची कोचिंग क्लासची वही पण घेऊन टाकली होती. पंधरा महिन्यांत दोन मिनिटं म्हणजे काय गंमत आहे?

अण्णांनी कार्ड भरलं. पार्टचं नाव: वेदा. साइज: अठ्ठ्याऐंशी सेकंद. टॉलरन्स: अधिक-उणे एक. संख्या: साडेसात.

"अकरा मिनिटं कुठं लिहिलीत?" तिनं विचारलं.

"अकरा मिनिटं कोणी पळत नाही, मगा. माणूस एक राउंड पळतो. चारशे मीटर, अठ्ठ्याऐंशी सेकंद. असे साडेसात केले की अकरा मिनिटं आपोआप होतात. आज तुझा राउंड एकशे चारचा. सोळा सेकंद काढायचेत. महिन्याला एकाहून स्वल्प जास्त. सरी?"

हीच त्यांची पद्धत. एकूण वेळ कधी सांगायचे नाहीत. रेलिंगला टेकून उभे राहायचे आणि प्रत्येक राउंडला फक्त त्या राउंडचे सेकंद ओरडायचे. राउंड हळू आला तर रिजेक्ट, पण जास्त फास्ट आला तरी रिजेक्ट. "पंच्याऐंशी! रिजेक्ट!" कोणी जोरात पळून छाती काढून आलं की म्हणायचे, "शाफ्ट बारीक झाला तरी फेकतात, मगा. आता पुढचा राउंड जाड होणार." आणि व्हायचाच.

वेदाची अडचण वेगळी होती. वाईट आकडा ऐकला की ती मोडायची. एकशे दोनच्या जागी एकशे चार ऐकलं की खांदे पडायचे आणि पुढचा राउंड एकशे दहाचा. एकदा ट्रॅकवरच रडत बसली. मी अण्णांना म्हणालो, "एक-दोन सेकंद कमी सांगा ना, तिला कुठं कळतंय." अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या व्हर्नियरवर थुंकलोय. मग तिच्याजवळ जाऊन बसले. "आकडा म्हणजे शिवी नव्हे ग. मी तुला रागावत नाहीये. तू कुठं आहेस ते सांगतोय. कुठं आहेस ते कळलं तर पुढं जाशील ना?" रोज हेच. महिनोन् महिने. हळूहळू ती वाईट आकडा ऐकून फक्त मान हलवायला लागली.

आणि माझं काय चाललं होतं? मी सहा वीसवर अडकलो होतो आणि अण्णांची नक्कल पक्की करत होतो. 'निल्लू!', म्हणजे थांबा, असं मी चिंचेच्या झाडामागून ओरडलो की अख्खं ग्राउंड जागच्या जागी थांबायचं. एकदा पकडला गेलो. वाटलं, आता खाल्ला मार. अण्णा म्हणाले, "परत कर."

"निल्लू!"

"स्वल्प जाड झाला. शेवट वर जातो माझा. परत."

सात वेळा करायला लावलं. सातव्यांदा मान हलवली. "सरी. पास." आणि वर, "शेंगदाणे आण जा दहाचे." म्हणजे मी त्यांचा आवाज त्यांच्याकडूनच पास करून घेतलेला. पीण्यात एवढा भाव कोणाला नव्हता.

पंधरा महिने गेले. खोटं वाटेल, पण वेदा अठ्ठ्याऐंशीवर आली. पाच राउंड, सहा राउंड सलग अठ्ठ्याऐंशी. साडेसात सलग मात्र एकदाही झाले नव्हते.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, वेदाला विश्रांतीची सुट्टी दिलेली तेव्हा, अण्णांचा घसा बसला. असा बसला की आवाजच नाही, नुसती हवा. सकाळी स्टेडियमच्या रेलिंगपाशी त्यांनी मला कॉलरला धरून जवळ ओढलं आणि फुसफुसले, "मी घड्याळ दाखवतो. तू ओरड. माझ्या आवाजात. तिला सवय आहे." माझी छाती किती फुगली ते विचारू नका.

तीन हजारला पहिला अर्धा राउंड, मग सात पूर्ण. पहिला अर्धा चव्वेचाळीसचा हवा, ती बेचाळीसला आली. अण्णांनी कपाळाला हात लावला. मी ओरडलो, "बेचाळीस, रिजेक्ट!" ती हसली. मग सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. सगळं मी ओरडत होतो, शेवट वर नेऊन, अगदी पास. आजूबाजूचे कोच वळून बघत होते.

पाचव्या राउंडला ती वळणावरून आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. अण्णांनी घड्याळ पुढं केलं. एक्याण्णव.

मला ती रडत बसलेली दिसली. मला कोचिंग क्लास दिसला. तोंडातून निघून गेलं, "अठ्ठ्याऐंशी! सरी!"

आणि काय सांगू, खांदे सैल झाले तिचे. पाय परत मोकळे पडायला लागले. मी अण्णांकडं हसत बघितलं. अण्णांनी माझा दंड असा दाबला की बोटं उमटली. "एक सेकंद मागे आहे ती," हवा बाहेर आली नुसती. "दोन सत्त्याऐंशी लागतात. पुढच्या वेळी सांग. खरं सांग."

आता हिशेब बघा. तिला वाटत होतं आपण दोन सेकंद पुढं आहोत. होती एक सेकंद मागं. आणि पुढं असल्यावर उगाच जोर करायचा नाही, अठ्ठ्याऐंशीला धरून राहायचं, हे आम्हीच तिला पंधरा महिने शिकवलेलं.

ती परत आली. घड्याळात अठ्ठ्याऐंशी. आता ओरडायचं होतं की मघाचं खोटं होतं, काढ जोर. पण मग तिला कळलं असतं की मी... तेवढा एक श्वास मी थांबलो आणि ओरडलो, "अठ्ठ्याऐंशी! सरी!" खरा आकडा. शंभर टक्के खरा. अण्णा रेलिंगवरून अर्धे बाहेर वाकून हातानं 'पळ पळ' करत होते, तोंड उघडझाप होत होतं, आवाज शून्य. वेदाला वाटलं शाबासकी देतायत. तिनं अंगठा दाखवला.

शेवटचा राउंडही अठ्ठ्याऐंशी. सुंदर, सरळ, ताठ. हसत आली लाइनवर.

अकरा मिनिटं एक सेकंद.

बोर्डावर आकडा लागला तेव्हा ती तो दोनदा वाचत होती. मग आमच्याकडं आली. "अण्णा, तुम्ही अठ्ठ्याऐंशी म्हणालात. सगळे अठ्ठ्याऐंशी म्हणालात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या कानाशी वाकले. "पाचवा एक्याण्णव होता, मगा. अठ्ठ्याऐंशी सांगितला गेला. चूक माझी."

कुलकर्णी काका मागेच उभे होते. "तुमची चूक? अहो, एक सेकंद! पंधरा महिने पोरगी साडेचारला उठतीये आणि तुम्हाला घड्याळ वाचता येत नाही? क्वालिटीवाले म्हणवता स्वतःला! डोळे गेले असतील तर घरी बसा ना, आमच्या मुलांच्या आयुष्याशी कशाला खेळता?"

"सरी सर," अण्णा म्हणत होते. "सरी सर." ओठ हलत होते फक्त.

"उद्यापासून ग्राउंड बंद," काका वेदाला म्हणाले आणि दोघं पार्किंगकडं निघाली.

अण्णा घड्याळ पुसून डबीत ठेवत बसले. मी उभा. मग मला काय झालं माहीत नाही, मी सुटलो. गाडी निघायच्या आत पार्किंग गाठलं. "काका, आवाज माझा होता. अण्णांचा घसा बसलाय. त्यांनी मला एक्याण्णव दाखवलं, मी अठ्ठ्याऐंशी ओरडलो."

"उगाच गुरूला वाचवू नकोस," काका म्हणाले. "मी कानांनी ऐकलंय त्यांचा आवाज."

मग मी करून दाखवलं. तिथं, पार्किंगमध्ये, काकांच्या तोंडासमोर. "अठ्ठ्याऐंशी! सरी!"

माझ्या नकलेवर कोणीच हसलं नाही असं पहिल्यांदा झालं. वेदा मागच्या सीटवर होती. तिनं काच खाली केली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला कळलं होतं रे," ती म्हणाली. "पायांना कळत होतं तो राउंड जड गेलाय. मी जोर काढणारच होते. पण अण्णा अठ्ठ्याऐंशी म्हणाले, म्हणून मी म्हटलं पायच खोटं बोलतायत."

काका बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. इंजिनिअर माणूस, मनात वजाबाकी चालली असणार. शेवटी म्हणाले, "डिसेंबरात अजून एक स्पर्धा आहे ना? बघू." ज्यांच्या घरी वडील असतात त्यांना 'बघू'चा अर्थ सांगायला नको. वेदानं काच वर केली.

मी उड्या मारत परत आलो. अण्णा बस स्टॉपवर पोचले होते. सगळं सांगितलं. आता पाठीवर हात पडेल म्हणून पाठ जरा पुढंही केली.

"शहाणा झालास?" अण्णा फुसफुसले. घसा बसलेल्या माणसाचं रागावणं फार वाईट असतं, कान जवळ न्यावा लागतो. "माझ्या आवाजात बोललास म्हणजे मीच बोललो. म्हणून चूक माझी म्हणालो, तुला वाचवायला नाही. आणि पहिल्यांदा खोटं बोललास ना, ते दया आली म्हणून. ते मी समजू शकतो. दुसऱ्यांदा खरं बोललास. ते भिऊन बोललास. तेच वाईट. तेव्हा एक शब्द बोलला असतास तर ती गाठत होती. कळतं का?"

"हो."

"पोरगी स्वतःच्या पायापेक्षा माझा आकडा खरा मानते. ते करायला मला पंधरा महिने लागले. तू एका राउंडात उडवलंस. आता मी ओरडलो तरी ती आधी विचार करणार, हे अण्णा की हा."

बस आली. अण्णा नेहमीसारखे सावकाश चढले. मला वाटलं संपलं. पण ते दारातच थांबले, दांडीला धरून खाली वाकले. कंडक्टर "बेगा बेगा", म्हणजे लवकर लवकर, म्हणत होता, त्याच्याकडं लक्षच नाही.

"डिसेंबरपर्यंत रोज तू आकडे सांगायचे. घसा बरा झाला तरी मी गप्प बसणार. माझ्या आवाजात नाही, कंडक्टरच्या नाही, तुझ्या हेडमास्तराच्या नाही. तुझ्या. तो कसा आहे, मी अजून ऐकलेला नाही. उद्या घेऊन ये."